रात्रपाळीचा कारकून

झोपलेल्याला उठवणं ही चौसष्ट कलांमध्ये का धरली गेली नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्या कुणी ती यादी केली, त्याच्या घरात सकाळी सातची शाळा असलेला मुलगा नसावा. आमच्या घरात ही कला सौभाग्यवतीकडे आहे आणि तिच्या तीन रीती आहेत. पहिली रीत गजराची. तो बरोबर सहाला वाजतो. चिरंजीव उठो न उठो, त्याचं कर्तव्य संपतं. दुसरी रीत फेऱ्यांची. दर पाच मिनिटांनी खोलीत डोकावून 'उठलास का रे?' असं विचारायचं. यात चिरंजीव उठत नाहीत, विचारणारीच दमते. तिसरी रीत म्हणजे स्वयंपाकघरातून 'पोहे झाले!' एवढंच ओरडायचं. चिरंजीव दोन मिनिटांत ताटलीपाशी हजर.

आता या तीन रीतींवर साऱ्या जगाचा पैशाचा व्यवहार चालतो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. मीसुद्धा हसलो होतो. कारण मी पडलो बी.कॉम. माझ्या वेळच्या कॉमर्सवाल्यांना यंत्र म्हणजे जमाखर्च मांडायचं कॅल्क्युलेटर. पण बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढली, की नळाखाली ठेवलेल्या दगडालाही थोडं पाणी लागतंच, तशी मलाही संगणकाची थोडी माहिती लागली.

लोकांचा समज असा, की बँक चारला बंद होते आणि कर्मचारी साडेचारला घरी भजी खात बसतात. यातलं भज्यांचं तेवढं खरं असू शकेल. पण बँकेचं खरं जड काम सुरू होतं ते रात्री. दिवसभराच्या नोंदींचा मेळ घालणं, प्रत्येक खात्यावर त्या दिवसाचं व्याज मोजणं, मुदत संपलेल्या ठेवी पुढे ढकलणं, कर्जाचे हप्ते खात्यातून उचलणं, हप्ता चुकवणाऱ्यांच्या याद्या काढणं. हे सगळं आमच्याकडचा रात्रपाळीचा कारकून करतो. त्याला चहा लागत नाही, युनियन नाही, प्रमोशनची परीक्षा नाही आणि त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. संगणकवाले याला पडद्यामागचं काम म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर 'डे एंड'.

हा डे एंड पूर्वी शाखेतच व्हायचा. सगळ्या नोंदींवर साहेबांची मंजुरी पडली, रोकड मिळाली, तिजोरी बंद झाली, की मग तो सुरू करायचा. एखादी जरी नोंद मंजुरीवाचून लोंबकळत राहिली तरी यंत्र अडून बसायचं. पंगतीत शेवटचा माणूस जेवायचा असताना पत्रावळी उचलता येत नाहीत, तसंच हे. मग ज्याची ती नोंद, त्याचा शोध. तो तोवर लोकलमध्ये बसून अंबरनाथच्या पुढे गेलेला असायचा. एक अधिकारी बिचारा पडद्यावरच्या हलणाऱ्या आकड्यांकडे बघत रात्री दहापर्यंत बसायचा. पुढे सगळ्या शाखा एकाच मोठ्या यंत्राला जोडल्या गेल्या आणि हे काम दूर कुठल्या तरी थंड खोलीत गेलं. अधिकारी वेळेवर घरी जाऊ लागले. त्यांच्या बायकांनी सुरुवातीला याचं स्वागत केलं, असं ऐकतो.

व्याजाचंच घ्या. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजायचे. महिन्याला एक आकडा पाहिला की झालं. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने ते रोजच्या शिलकीवर मोजायला लावलं. खातेदाराचा फायदा झाला आणि रात्रपाळीवाल्याचं काम तीसपट वाढलं. त्याने कुरकूर केली नाही. आम्ही असतो तर आधी मोर्चा काढला असता आणि मग परिपत्रक वाचलं असतं.

प्रश्न असा, की या कारकुनाला उठवतो कोण?

माझा भाचा हिंजवडीला एका संगणक कंपनीत आहे. एका रविवारी तो आला असताना मी त्याला हेच विचारलं.

"क्रॉन," तो म्हणाला.

"कोण क्रॉन? रखवालदार आहे का तुमचा?"

"तसंच समज, मामा. युनिक्समधला आहे. कित्येक वर्षांपासून हेच काम करतो. नाव ग्रीक भाषेतल्या काळावरून आलं."

या क्रॉनला लागते एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच खाने आणि पुढे कामाचं नाव. खाने असे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० २ * * *' असं लिहिलं तर रोज रात्री अडीचला काम सुरू. चांदणी म्हणजे 'कोणताही चालेल'. पाचही ठिकाणी चांदण्या टाकल्या तर काम दर मिनिटाला, अहोरात्र. पाच चांदण्यांच्या हॉटेलात माणूस झोपायला जातो. इथे पाच चांदण्या मिळालेल्याला झोप नाही. ३१ तारीख आणि फेब्रुवारी महिना असं लिहून दिलं, तर क्रॉन हूं की चूं न करता ते घेतो आणि जन्मभर करत नाही. आमच्या हेड ऑफिसातली काही खाती याच चिठ्ठीवर चालत असावीत असा माझा जुना संशय आहे.

हा पहिला क्रॉन मात्र स्वभावाने आमच्या चाळीतल्या एका आजोबांसारखा होता. दर मिनिटाला उठायचा, चिठ्ठी वाचायचा, आपल्याला काही काम आहे का बघायचा, नसेल तर पुन्हा मिनिटभर झोपायचा. एकटा माणूस असेल तोवर हे ठीक. पण पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सगळ्याच वापरणाऱ्यांना आपापली चिठ्ठी ठेवायची मुभा द्यावी असं घाटलं, तेव्हा ह्या उठबशांनीच यंत्र धापा टाकू लागलं. मग तिथल्या एकाने शहाणपणा केला. सगळी कामं वेळेच्या क्रमाने लावायची, सगळ्यांत वरचं काम कधीचं ते पाहायचं आणि तोवर सरळ झोपायचं. इतकी साधी गोष्ट. पहाटे पाचची गाडी गाठायची म्हणून बारा, एक, दोन असं तासातासाला उठून घड्याळ पाहणाऱ्या तमाम मराठी माणसांना मात्र ती अजून कळलेली नाही. गजर लावलेला असतो, पण गजर वाजेल यावर विश्वास नसतो.

दुसरी रीत फेऱ्यांची. यात काम झोपत नाही, झोपेचं नाव नाही. ते ठरावीक वेळाने दारोदार जाऊन 'काही आहे का?' विचारतं. ही आपल्याकडे नवी नाही. आश्विनी पौर्णिमेला मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति?' असं विचारत घरोघर फिरते. इतकी थोर देवता, पण पद्धत फेऱ्यांचीच. जागे आहेत त्यांनी आपण होऊन हाक मारली असती, तर झोपलेल्यांच्या दारांपर्यंतचे तिचे हेलपाटे वाचले असते. पण मग आपल्याला आटवलेलं दूध मिळालं नसतं, हेही खरं.

काही कामं यंत्र गठ्ठ्याने उरकतं. नेफ्टने पैसे पाठवले तर ते एसटीसारखे जातात. प्रवासी एक असो की साठ, वेळ झाली की गाडी सुटते. २०१७ च्या जुलैपासून ती अर्ध्या तासाने सुटू लागली, पण रात्री आणि रविवारी डेपोतच असायची. १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र मिळून अठ्ठेचाळीस फेऱ्या. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस ही मोठ्या रकमांची रिक्षाही चोवीस तास मिळू लागली. चेकचंही तसंच. पूर्वी गठ्ठे बांधून जायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या कामाच्या वेळेत जसे येतील तसे पुढे सरकू लागले.

यामुळे रात्रपाळीवाल्याची मोठी पंचाईत झाली. पूर्वी दुकान बंद करून झाडलोट करायचा. आता गिऱ्हाईक आत असतानाच त्याला लादी पुसायची आहे. रात्री दोनला कुणीतरी कुठल्यातरी धाब्यावर चहाचे तीस रुपये मोबाइलवरून देतो, आणि तीस रुपये आजच्या तारखेत टाकायचे की कालच्या, हे आमच्या कारकुनाने लादी पुसता पुसता ठरवायचं!

लांबलचक कामांची आणखी एक गंमत असते. समजा लाखो खात्यांना व्याज लावायचं आहे आणि पहाटे तीनला मध्येच वीज गेली. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का? तसं केलं तर अर्ध्या लोकांना दोनदा व्याज. ते तक्रार करणार नाहीत, पण ऑडिटर करतील. म्हणून काम थोडं थोडं करून खूण ठेवत जायचं. गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणात रोज कुठल्या अध्यायापर्यंत यायचं ते ठरलेलं असतं, पोथीत मोरपीस असतं, तसंच. उठल्यावर मोरपिसापासून पुढे.

आणि कालचं काम संपायच्या आत आजच्या कामाचा गजर वाजला तर? दोघं एकाच खात्यावर बसतील. यासाठी काम सुरू करताना दाराला कडी लावायची आणि संपल्यावर काढायची. चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. सामाईक न्हाणीघराच्या दारावर पंचा टाकला की आत कुणीतरी आहे, असं समजायचं. अडचण एवढीच, की एखादा पंचा दारावरच विसरून कोल्हापूरला निघून जातो आणि बाहेरची रांग सभ्यपणे दुपारपर्यंत उभी राहते. 'संगणकातही अगदी हेच होतं,' असं भाचा म्हणाला, तेव्हा चाळीबद्दलचा माझा आदर वाढला.

पडद्यामागच्या या कामांना इंग्रजीत डीमन म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीतल्या लोकांनी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतल्या एका अदृश्य कामसू प्राण्यावरून हे नाव घेतलं. दैत्य, पण पापभीरू. यांच्यातही माणसांसारखेच प्रकार. ज्याला जन्म देणारं काम आधी मरतं, ते अनाथ. त्याला यंत्रातलं पहिलं काम आपण होऊन दत्तक घेतं. जे स्वतः संपलेलं आहे पण ज्याची नोंद कुणी काढून टाकलेली नाही, ते झोम्बी. म्हणजे निवृत्त झाला तरी मस्टरवर नाव आहेच.

मला सगळ्यांत आवडला तो 'नाइस' नावाचा आकडा. उणे वीसपासून अधिक एकोणीसपर्यंत असतो. ज्याचा हा आकडा जास्त, तो अधिक भला. आणि जो अधिक भला, त्याच्या वाट्याला यंत्राचा वेळ कमी. 'आधी तुमचं होऊ द्या, मी थांबतो,' असं म्हणणारा. आणि नियम काय? साध्या माणसाला आपला भलेपणा फक्त वाढवता येतो. कमी करायचा असेल तर वरिष्ठांचा अधिकार लागतो. हे ऐकून मी भाच्याला विचारलं, "ज्याने हा नियम केला तो कुठल्या बँकेत होता?"

पण खरी मेख उठण्याच्या वेळेत आहे. रामायणातला कुंभकर्ण म्हणजे सहामाही काम. सहा महिने झोप, एक दिवस जाग. लंकेवर संकट आलं तेव्हा रावणाने ढोल-नगारे वाजवून त्याला मुदतीआधीच उठवला आणि पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. अवेळी उठवलेलं काम उठवणाऱ्यालाही तारत नाही, स्वतःलाही नाही. ही गोष्ट मला खरी कळली ती आमच्या फुलवाल्या मावशींमुळे.

मावशी मंडईच्या कोपऱ्यावर हार करतात. आमच्याच बँकेतून त्यांनी शिलाई मशीनसाठी छोटं कर्ज घेतलं होतं. हप्ता बाराशेचा, तारीख पाच. मुलगा नाशिकला कारखान्यात. त्याचा पगार पाचला दुपारी व्हायचा आणि तो तिथल्या तिथे आईला पैसे पाठवायचा. संध्याकाळच्या आत खात्यात जमा. आमचा रात्रपाळीवाला मात्र पाच तारीख उजाडताच, म्हणजे मध्यरात्री साडेबाराला, हप्ता घ्यायला यायचा. खात्यात असायचे चारशे. तो 'शिल्लक नाही' असा शेरा मारायचा, वर दंड लावायचा आणि पुढच्या घरी जायचा. चौदा-पंधरा तासांनी पैसे यायचे, तेव्हा हा गाढ झोपलेला. अशी ओळीने चार महिने.

मावशी पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, मी एक महिना चुकवला नाही. मग हे दंडाचं काय?"

मी समजावून सांगितलं, की हप्ता रात्री साडेबाराला उचलला जातो.

"रात्री? चोर आहे का तो?"

"नाही हो मावशी, यंत्र आहे. तारीख बदलली की येतं."

"मग त्याला सांगा, पैसे आल्यावर ये. पैसे आल्याचा तुमचा मेसेज माझ्या मोबाइलवर लगेच येतो. मला कळतं, ते त्याला कळत नाही?"

मी गप्प बसलो. कारण मावशींनी हार ओवता ओवता जी गोष्ट सांगितली होती ती म्हणजे तिसरी रीत, पोह्यांची. घड्याळाकडे बघून उठायचं नाही. ज्याची वाट पाहतोय ते आलं, की त्याच्या हाकेने उठायचं. पैसे जमा झाल्याचा मेसेज जातो तो याच रीतीने. म्हणजे यंत्राला हे येत नाही असं नाही. खातेदाराला कळवताना ते हाकेने उठतं आणि खातेदाराकडून घेताना घड्याळाने. ही वाटणी यंत्राने केलेली नाही. ती कुणीतरी दिवसाउजेडी टेबलाशी बसून केलेली आहे.

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, अवघड काही नाही. हप्ता बाकी असेल त्या खात्यात जमा झाली, की कामाला हाक जाईल, एवढं करायचं. पण ठरवायला पाहिजे कुणीतरी."

ते कुणीतरी हेड ऑफिसात बसतात. मी रीतसर टिपण पाठवलं. साहेबांनी सही करताना चष्म्यावरून पाहून विचारलं, "एका बाईच्या हप्त्यासाठी?" मी म्हटलं, "साहेब, पाच तारखेनंतर पगार होणारे आपल्या शाखेत किती आहेत, ते मोजून सोबत जोडलंय." मोजणं हा माझा धर्म आहे. दोन शनिवार बसून यादी केली होती. एकशे सोळा नावं निघाली, आणि त्यांतले बहुतेक जण असे, की ज्यांना दंड का पडला हे विचारायला बँकेत यायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ते आले नव्हते. कुणी विचारायला आलं नाही, म्हणून तक्रार नव्हती. तक्रार नव्हती, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

हेड ऑफिसचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. चारही महिन्यांचा दंड परत करण्यास मंजुरी. हाकेच्या रीतीचा 'विचार चालू आहे'. तो विचार कुठल्या चिठ्ठीवर लावलाय कुणास ठाऊक; फेब्रुवारीची ३१ नसली म्हणजे मिळवली. तोवर खातेदाराने अर्ज दिल्यास हप्त्याची तारीख बदलून देता येईल.

हे शेवटचं वाक्य माझ्या कामाचं होतं. मी अर्जाचा छापील नमुना केला, यादीतल्या एकशे सोळा जणांना जेवणाच्या सुट्टीत एकेक फोन लावायला घेतला आणि 'बँकेतून बोलतोय' म्हटल्यावर निम्म्या लोकांनी चोर समजून तो बंद केला. तरी अठ्ठावन्न अर्ज आले. पहिला मावशींचा. नवी तारीख आठ. त्यांनी अंगठा न उठवता सावकाश सही केली आणि पासबुक पिशवीत ठेवता ठेवता थांबल्या.

"म्हणजे आठ तारखेला येईल ना तो? रात्री साडेबाराला?"

"हो."

"मग मी जागी राहू का?"

"नको हो मावशी," मी म्हटलं, "तुम्ही झोपा. जागं राहायला तो आहे."

"बरं," मावशी म्हणाल्या, "पण त्याला म्हणावं, एकदा दिवसा येऊन बघून जा आम्हाला."